मागचं डावं दार

१

अपघात झालेल्या गाड्या बघणं हे छोट्याचं रोजचं काम. विमा कंपनीचा सर्व्हेअर होता तो. गाडीभोवती एक चक्कर मारायची, चेपलेल्या पत्र्यावर नख ओढायचं आणि सांगायचं, हे नुकसान कालचं, हे जुनं, आणि हे दार तुम्ही स्वतःच गेटला घासलंय, अपघाताच्या नावावर खपवू नका. लोक चिडत, पण त्याचा अंदाज सहसा चुकत नसे. प्रत्येक ओरखड्याला कारण असतं यावर त्याची श्रद्धा होती. दुसऱ्या कशावर फारशी नव्हती.

पन्नाशी उलटली, पुढच्या केसांनी केव्हाच निरोप घेतला, तरी घरात तो छोट्याच. असं म्हणणारी माणसं आता दोनच उरली होती, आई आणि ताई. त्याचं लग्न राहून गेलं होतं. लोक आधी त्याबद्दल विचारत, मग विचारेनासे झाले. तो आणि आई जुन्या घरात राहत. ताई गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका शाळेची मुख्याध्यापिका.

घरामागे पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये बदक.

बदक म्हणजे वडिलांची गाडी. अंग पांढरं, नाक पिवळं, आणि चालताना मागचा भाग असा डुलायचा की दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं. वडील होते तोवर शेडला कुलूप असे. भंगारवाले येत, जुन्या गाड्यांचे शौकीन येत. वडील सगळ्यांना चहा पाजत आणि रिकाम्या हातांनी परत पाठवत. "विकायची नाही, मोडायची नाही, बाहेर काढायची नाही," एवढंच म्हणत. का, ते जाताना सोबत घेऊन गेले.

आईचं हल्ली विसरणं वाढलं होतं. सकाळचं दुपारपर्यंत टिकत नव्हतं, जुनं मात्र मधूनच लख्ख वर यायचं. डॉक्टर म्हणाले, जुन्या वस्तू दाखवा, जुन्या जागी न्या. छोट्याने त्याच आठवड्यात शेडचं कुलूप तोडलं. शेजारपाजारचे म्हणाले, बघा, मुलगा आईसाठी किती करतो. आईसाठी होतंच ते. पण त्याला आईच्या तोंडून एक गोष्ट ऐकायची होती, आणि ती आईच्या आठवणीतून केव्हा निसटेल याचा नेम नव्हता.

२

वडिलांची मान वळत नसे. कारखान्यात कधीतरी काहीतरी मानेवर पडलं होतं, तेव्हापासून बाजूला बघायचं तर ते अख्खे वळत. गाडीत तेवढी जागा नव्हती. आरशात मागची काच दिसे, पण पोरं इतकी बुटकी की ती आरशात यायचीच नाहीत. म्हणून वडिलांनी एक पद्धत घालून दिली होती. गाडी सुरू करण्याआधी ते विचारत, "सगळे आले का?" मग ज्याने त्याने आपापल्या दाराचा पत्रा बोटाच्या पेराने वाजवायचा. पुढून आई, तिच्या मागून ताई, वडिलांच्या मागून छोट्या. तीन टकटक झाल्या की बदक हलायचं. आईचं दार बद्द वाजे, छोट्याचं चपटं. ताईच्या दाराचा पत्रा कुठेतरी सैल होता, तो किणकिणायचा. वडील आवाजावरून माणूस ओळखत आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

त्या दिवशी, ताई दुसरीत आणि छोट्या बालवाडीत असताना, परगावाहून परतताना ते पेट्रोल पंपावर थांबले. वडिलांनी विचारलं, सगळे आले का? तीन टकटक झाल्या. बदक हललं. घरी येऊन मागचं डावं दार उघडलं, तर ताई नव्हती.

ती पंपावरच राहिली होती. हात धुवायला उतरली आणि परत येते तो गाडी नाही. वडील एकटेच परत गेले आणि तिला घेऊन आले, तोवर ती पंपाच्या पायरीवर बसून होती. रडली नव्हती. पुढे आयुष्यभर ती शाळेच्या सहलींत पोरं दोनदोनदा मोजत राहिली.

मग प्रश्न आला, तिसरी टकटक कोणाची? वडील छातीवर हात ठेवून सांगत होते, डाव्या दाराचीच होती. म्हणजे छोट्याने वाकून ताईचं दार वाजवलं. दुसरं कोण होतं मागे? त्याने दोन्ही हात वर करून दाखवले, म्हणाला, मी नाही वाजवलं, बघा माझे हात. त्या हातांवरच छडी बसली. तेव्हापासून घरात काहीही बिनसलं की ताई गमतीत म्हणायची, "दोनदा वाजवायची सवय आहे याला." गंमतच असायची. पण ती तशी हसायची तेव्हा तिचे डोळे हसत नसत, आणि त्याला ते इतकी वर्षं लागत आलं होतं.

आई पुढे बसली होती. आईची मान वळत होती. ती सांगू शकली असती, पण वडिलांपुढे ती कधी बोलली नाही, आणि आता विचारलं तर म्हणायची, "कोणती गाडी?"

३

बदक शेडमधून ढकलत काढलं तेव्हा उंदरांचा, गंजाचा आणि जुन्या रेक्झिनचा वास आला. आतला आरसा छताकडे फिरवलेला होता, पूर्ण वर. छोट्याने तो सरळ केला. सांधा सैल झाला असणार, त्याने मनात नोंद केली, जरा घट्ट करून घ्यावा लागेल. पण सांधा सैल नव्हता. चांगला जोर लावावा लागला.

दुसरी नोंद मागच्या डाव्या दाराची. या दाराला आतून हँडलच नव्हतं. काच खाली करायचा दांडाही नव्हता. दोन्ही भोकांत कापडाचे बोळे ठासून भरले होते. तुटलेलं नव्हे, स्क्रू नीट काढलेले. एका भोकातला बोळा त्याने ओढून काढला तर तो वडिलांचा रुमाल निघाला.

याला तर कारण होतंच. चालत्या गाडीत पोराने दार उघडू नये म्हणून बापाने हँडल काढलं, जगात सगळेच बाप असं काहीतरी करतात. त्याचा चक्क ऊर भरून आला. मग टेम्पोच्या मागे दोर बांधून बदक गॅरेजकडे निघालं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की त्या दिवसानंतर पोरं बदकात बसलीच नव्हती. मग हँडल कोणासाठी काढलं?

आधीच काढलं असेल, त्याने स्वतःला सांगितलं. पण त्या दिवशी ताई त्याच दाराने, स्वतःच उघडून, उतरली होती.

४

गॅरेजचा मिस्त्री बडबड्या. हातात हातोडी आणि तोंडात गप्पा, दोन्ही एकदमच चालायचं. त्याने बदकाची दारं काढली, मडगार्ड काढले, गंज खरवडला. छोट्या कामावरून सुटला की रोज तिथे जाऊन बसे. उघड्याबोडक्या गाडीकडे बघत बसायला त्याला आवडायला लागलं होतं.

"साहेब, ही मागची सीट बघा," मिस्त्री एकदा म्हणाला. सीटचं कव्हर फाडून त्याने स्प्रिंगा उघड्या केल्या होत्या. "सगळ्या गंजून बसल्यात. दाबा, हलत नाहीत. आता डावीकडच्या दाबा."

छोट्याने दाबल्या. त्या मऊ खाली गेल्या आणि वर आल्या. त्यांच्यावर गंज नव्हता.

"वापरातली वस्तू गंजत नाही," मिस्त्री हसला. "शेडमध्ये कोण झोपायला जायचं का?"

"मांजर जात असेल."

"मांजर वजनदार असणार मग."

पत्र्याचं काम मिस्त्री पेराने वाजवून करायचा. टकटक करत जायचं आणि आवाजावरून कळायचं, इथे पत्रा शाबूत, इथे आतून खाल्लेला. एका दुपारी छोट्या आला तेव्हा मिस्त्री डाव्या दारापुढे उकिडवा बसला होता आणि चक्क गप्प होता.

"काय झालं?"

"या दारात काहीतरी सुटं आहे. मी वाजवलं की परत वाजतं. ऐका."

त्याने एकदा वाजवलं. किणकिणता आवाज आला. इतक्या वर्षांनी छोट्या तो आवाज ऐकत होता. मग, मिस्त्रीचं बोट हवेत असताना, तसाच आवाज पुन्हा एकदा आला. जरा हळू.

आतलं रेक्झिन काढून बघितलं. दारात काही सुटं नव्हतं. फक्त हँडलच्या भोकाभोवती रेक्झिन कुरतडलं होतं. उंदीर, छोट्या म्हणाला. उंदरांचं कुरतडणं त्याने शेकडो गाड्यांत पाहिलं होतं, त्यात बारीक दातांच्या कडा दिसतात. इथे लांबट ओरखडे होते, चार चार एका ओळीत, आणि सगळे त्या बोळ्याच्या दिशेने. त्याने टॉर्च बंद केला आणि म्हणाला, "रेक्झिन नाहीतरी नवीनच घालायचंय."

मिस्त्रीने त्या दाराचं काम उरकलं, पण त्यानंतर ते दार वाजवलं नाही. सीटला त्याने नवीन फोम भरला, आधीपेक्षा चांगला चार बोटं उंच, आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक चढवलं. "धूळ बसेल, एवढ्यात काढू नका," म्हणाला.

५

त्या एका हँडलसाठी छोट्याने जुन्या बाजाराच्या खेपा घातल्या. एकही जुळेना. शेवटी एका दुकानात, गंजक्या बिजागऱ्यांच्या टोपल्यात, अगदी तसंच मिळालं. त्याने ते घरी आणून पॉलिश केलं, मशीनचं तेल घातलं आणि गॅरेजमध्ये जाऊन स्वतःच्या हाताने दाराला बसवलं. दाबलं की खाली, सोडलं की वर. छान टिक असा आवाज. कामावर कोणाच्या तरी गाडीची मोडतोड मोजणाऱ्या माणसाला काहीतरी जोडल्याचं सुख त्या दिवशी मिळालं.

ताई गाडी बघायला आली ती हात मागे बांधून, वर्गाची तपासणी करावी तशी. बदकाभोवती फिरली. डाव्या दाराशी थांबली.

"हे हँडल बाबांनी काढलं होतं ना?"

"तुला माहीत होतं?"

"मला आणल्यावर त्याच संध्याकाळी. मी खिडकीतून बघत होते. टॉर्च तोंडात धरून बसले होते. तुला एक सांगू? मला घेऊन येताना त्यांनी मला मागे बसूच दिलं नाही. मी म्हटलं, मागे आडवी होते, झोप येतेय. तर म्हणाले, पुढे बस. एवढंच. आणि रस्ताभर आरसा वर फिरवून ठेवला होता."

"का?"

"मला वाटलं, माझ्यावर रागावलेत." ताईने ओढणीने दारावरचा नसलेला डाग पुसला. "रागवायचं ते तुझ्यावर. वाजवलंस तू."

"ताई, मी नव्हतं वाजवलं."

"बरं," ती म्हणाली. मुख्याध्यापिका पोरांना म्हणतात तसं.

६

रविवारी दुपारी आईला नवं पातळ नेसवून बदकात पुढे बसवलं. गाडीचा पुढचा बाक लांबलचक, त्यावर आई बाहुलीएवढी दिसत होती. तिने डॅशबोर्डवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बदक."

ताई म्हणाली, "मी डावीकडे नाही बसणार. तुझ्या जागेवर बसते." ती त्याच्या मागे बसली. प्लॅस्टिक चुरचुरलं.

"सगळे आले का?" छोट्याने विचारलं. वडिलांच्या आवाजात विचारायचं ठरवलं होतं, पण आवाज त्याचाच आला.

आईने दार वाजवलं, बद्द. मागून चपटी टकटक झाली. दोनच हव्या होत्या, दोनच झाल्या. बदक डुलत निघालं.

पेट्रोल त्याच पंपावर भरायचं, हे त्याने आधीच ठरवलं होतं. पंप आता मोठा झाला होता, पायरी गेली होती. टाकीच्या झाकणातून गळतंय का बघायला तो खाली उतरला, वाकला, पंपावरच्या माणसाशी दोन शब्द बोलला. परत येऊन बसला. "सगळे आले का?"

बद्द. आणि मागून एक.

त्याची मान चांगली वळत होती. पण बदकात बसलं की मागे बघायचं नसतं, ऐकायचं असतं, हे त्याच्या अंगात लहानपणीच मुरलं होतं. त्याने गाडी रस्त्याला घेतली. बरंच पुढे गेल्यावर, कानात राहिलेला तो आवाज त्याला पुन्हा ऐकू आला. तो चपटा नव्हता. किणकिणता होता.

तेवढ्यात डॅशबोर्डवरचा फोन वाजला. ताई.

"चुकून लागला वाटतं गं," तो मोठ्याने मागे म्हणाला. मागे फक्त प्लॅस्टिक चुरचुरलं. त्याने फोनच्या स्पीकरचं बटण दाबलं, आणि ताईचा आवाज अख्ख्या गाडीत भरला.

"छोट्या, कुठे निघालास? बाथरूमला जाऊन येते म्हणून आईला सांगून गेले होते. पुन्हा तेच? या वयात ही असली चेष्टा?"

त्याने आईकडे पाहिलं. आई अर्धी वळून बसली होती आणि मागच्या डाव्या कोपऱ्याकडे बघून हसत होती, ओळखीचं हसू.

"आई, कोणाकडे बघतेस?"

"ही बघ ना, पाय हलवत बसलीय. माझ्या पाठीला लागतायत."

"कोण?"

"त्या दिवशीही अशीच," आई म्हणाली. आवाज स्वच्छ होता, विसरणाऱ्या बाईचा नव्हता. "ह्यांनी उगाच मारलं तुला. तू तर तोंड उघडं टाकून झोपला होतास. तू कुठे वाजवणार? दोन्ही दारं हिनेच वाजवली."

हेच वाक्य ऐकायला त्याने बदक काढलं होतं. ते असं ऐकायला मिळेल, हे कोणी सांगितलं असतं तर त्याने शेडला आणखी एक कुलूप लावलं असतं. त्याची नजर आरशाकडे गेली. सीट आता उंच होती. आरशाच्या खालच्या कडेला तेल लावून चापून बसवलेले केस आणि मधोमध काढलेला सरळ भांग दिसत होता. तेवढाच. तो भांग हळूहळू वर यायला लागला, कोणीतरी मान उंचावून बघावं तसा.

फोन चालूच होता. ताईने सगळं ऐकलं होतं. पण ती ओरडली नाही.

"छोट्या, आरसा वर कर," ती म्हणाली. "आणि मला घ्यायला ये."

७

पंपावर पोचल्यावर तो आधी उतरला आणि आईच्या बाजूचं दार उघडलं. "आई, चल, उतर. आपण दुसऱ्या गाडीने जाऊ."

आईने डॅशबोर्डची कड दोन्ही हातांनी धरली. त्याने ओढून पाहिलं. बाहुलीएवढ्या बाईच्या हातात एवढी ताकद असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"हिला एकटीला सोडून मी येणार नाही," आई म्हणाली. "एकदा पोरीला सोडून गेले तेवढं पुरे झालं. घरी आल्यावर दार उघडलं तेव्हा माझं काय झालं, ते मलाच माहीत."

ताई त्याच्या मागे येऊन उभी होती. आईचं बोलणं तिने ऐकलं. तिचा चेहरा असा झाला की त्याला क्षणभर पायरीवर बसलेली दुसरीतली मुलगी दिसली.

"आई, मी इथे आहे," ताई म्हणाली.

आईने तिच्याकडे पाहिलं, परक्या बाईकडे बघावं तसं, अदबीने. "हो का," म्हणाली. "बसा ना तुम्हीही. जागा आहे."

ताईचा हात मागच्या दाराकडे गेला नाही तरी तो म्हणाला, "पुढे बस."

ती पुढच्या बाकावर शिरली, आईला मध्ये घेऊन. दार ओढलं. कोणी मागे पाहिलं नाही. आरसा छताकडे होता.

"तू नव्हतास," ताई हळूच म्हणाली. "इतकी वर्षं. छोट्या, मला..."

"राहू दे."

"बाबांना माहीत होतं. येताना माहीत झालं होतं त्यांना. तरी तुला सांगितलं नाही."

"काय सांगणार होते?" तो म्हणाला. त्याला वडिलांचा राग येत नव्हता. टॉर्च तोंडात धरून, न वळणाऱ्या मानेने, त्या कोपऱ्याच्या इतक्या जवळ बसून स्क्रू काढणारा माणूस त्याला दिसत होता. "शेडपर्यंत नेऊ. कुलूप घालू. त्यांनी केलं तसंच."

त्याने चावी फिरवली. विचारायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, ताईनेही ठरवलं असावं. पण आईला सवय होती.

"सगळे आले का?" आईने विचारलं आणि पत्रा हाताला येईना म्हणून डॅशबोर्डच वाजवला, एकदा.

छोट्याचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते. ताईने आपले दोन्ही हात वर उचलून त्याला दाखवले, तळवे त्याच्याकडे करून. लहानपणी त्याने सगळ्यांना दाखवले होते तसेच.

मागून टकटक झाली. किणकिणती, अगदी खुशीतली.

"चला," आई म्हणाली.

बदक रस्त्याला लागलं. घराचं वळण आलं तशी त्याने गाडी हळू केली, आणि मागे प्लॅस्टिक चुरचुरलं, दाराच्या बाजूला सरकल्यासारखं. मग नवीन हँडल एकदा खाली गेलं आणि वर आलं. टिक. नीट चालतंय ना, हे बघितल्यासारखं. ते चालणारच होतं. तेल त्याने स्वतःच्या हाताने घातलं होतं.